शेडमध्ये बांधलेलं सीएनसी प्लाझ्मा टेबल

फॅब्रिकेशनच्या धंद्यात कापायला जेवढा वेळ लागतो, त्याहून जास्त वेळ कापल्यानंतर जातो. उसाच्या ट्रॉलीला लागणारी १२ मिमीची हुक-प्लेट गॅसवर कापून लगेच होते. पण नंतर छिन्नीनं मळी, म्हणजे कडेला थिजलेलं वितळलेलं लोखंड, उडवायची, कडेला ग्राइंडर मारायचा, गुण्या लावून बघायचं आणि मग भोकं पाडायला ड्रिलवर न्यायची. एकाच ड्रॉइंगच्या तीस प्लेटा केल्या तर तीसही थोड्या थोड्या वेगळ्या निघतात आणि जोडणी करताना वेल्डरचा जीव जातो. लेझर कटिंगवाल्याकडे दिलं तर कड सुरेख येते, पण ऐन गाळप हंगामाच्या तोंडावर तारीख मिळत नाही आणि आठ-दहा नगांसाठी मशीन लावायला कुणी तयार होत नाही. शिवाय आमच्याकडची प्लेट बरेचदा पावसात पडलेली, गंजाचे पापुद्रे सुटलेली असते. त्या प्लेटवर लेझर नीट चालत नाही, प्लाझ्मा चालतो.

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात माझी छोटी शेड आहे. ट्रॉलीचे भाग, कल्टिव्हेटरचे फाळ, गेट, जाळ्या असलं काम चालतं. भाचा इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करून घरी आला, तेव्हा त्यानंच विषय काढला, “मामा, टेबल आपणच बांधू या की.” टेबल म्हणजे सीएनसी प्लाझ्मा टेबल. प्लेट वर आडवी ठेवायची आणि कॉम्प्युटर सांगेल तसा प्लाझ्माचा टॉर्च तिच्यावरून फिरून ती कापतो. तयार मशीनचे दर मी काढलेच होते. ते परवडणारे नव्हते हे खरं, पण खरं कारण दुसरं होतं. तयार मशीन बंद पडलं की माणूस यायची वाट बघत बसावं लागतं. आपण बांधलेल्या टेबलाची प्रत्येक वायर कुठून कुठं गेलीय ते आपल्याला ठाऊक असतं.

आधी थोडं प्लाझ्माबद्दल. टॉर्चमध्ये तांब्याचा इलेक्ट्रोड असतो आणि त्याच्या टोकाला हाफ्नियमचा बारीक ठिपका बसवलेला असतो. हवेतल्या ऑक्सिजनमुळं टंगस्टन झपाट्यानं जळून जातो, हाफ्नियम टिकून राहतो, म्हणून तो. समोर नोझल, त्याला जेमतेम एक मिलिमीटरचं भोक. त्या भोकातून दाबाखालची हवा आणि आर्क, म्हणजे विजेचा झोत, एकदमच बाहेर पडतात. तिथं तापमान वीस हजार अंश सेल्सिअसच्या आसपास जातं. धातू वितळतो आणि तीच हवा त्याला खाली उडवून देते. गॅस कटिंगमध्ये लोखंड ऑक्सिजनमध्ये अक्षरशः जळत जातं, म्हणून गॅसवर स्टेनलेस आणि ॲल्युमिनियम कापत नाही. प्लाझ्माला धातू वीजवाहक असला की पुरे.

सोर्स, म्हणजे टॉर्चला वीज पुरवणारं मशीन, घेताना बहुतेक लोक अँपिअर बघतात. मी सांगेन, आर्क कसा पेटतो ते आधी बघा. स्वस्त सोर्समध्ये आर्क पेटवायला हाय फ्रिक्वेन्सीची ठिणगी वापरतात. हातानं कापायचं असेल तर त्यानं काही बिघडत नाही. पण त्याच शेडमध्ये कॉम्प्युटर, मोटर चालवणारे ड्राइव्हर आणि टोकाला मशीन थांबवणारे लिमिट स्विच असतील तर ती ठिणगी म्हणजे सगळ्यांच्या कानाशी फुटलेला सुतळी बॉम्ब. दुसऱ्या प्रकारात इलेक्ट्रोड आणि नोझल आधी एकमेकांना टेकलेले असतात, हवेचा दाब आला की इलेक्ट्रोड मागं सरकतो आणि त्या सरकण्यात पायलट आर्क, म्हणजे सुरुवातीचा छोटा आर्क, सुटतो. याला ब्लोबॅक म्हणतात. तो थोडा महाग पडतो. आम्ही तोच घेतला, थ्री फेजचा, सरळ दांड्याच्या मशीन टॉर्चसकट. मागं सीएनसीचं पोर्ट आहे का हेही पाहून घेतलं. त्या पोर्टवर आर्कचं व्होल्टेज पन्नासाव्या हिश्शावर मिळतं आणि उंची सांभाळायला तेच लागतं.

मग फ्रेम. सगळ्यात जास्त वेळ आम्ही तिच्यावर घालवला आणि तो सत्कारणी लागला. शेजारचे लेथवाले आण्णा पहिल्याच दिवशी येऊन म्हणाले, “मोटर-बिटर नंतर. फ्रेम कर्णात बसली का ते आधी दाखव.” शीट आठ बाय चारची, म्हणजे २४४० बाय १२२० मिमी, बसायला हवी. टॉर्चला दोन्हीकडं जागा सोडून फ्रेम २९०० बाय १५०० ची धरली. जाड भिंतीचे चौकोनी पाइप घेतले. जमिनीवर ओळंबा-दोरी धरून सगळं मांडलं आणि फक्त टॅक, म्हणजे वेल्डिंगचे ठिपके, मारले. कर्ण मोजले, एक कोपरा जॅकनं दाबला, पुन्हा मोजले. या मापाच्या फ्रेममध्ये दोन कर्णांत २ मिमी फरक राहिला तर रुंदीत एक मिलिमीटरहून थोडा जास्त तिरकेपणा येतो. टेबल तिरकं असेल तर त्यावर कापलेला प्रत्येक चौकोन तिरकाच निघणार, मग कॉम्प्युटर कितीही शहाणा असो.

पूर्ण रन एकदम कुठंच मारायचा नाही. समोरासमोरच्या कोपऱ्यांत आलटून पालटून थोडं थोडं वेल्डिंग, मध्ये थंड होऊ द्यायचं. वेल्डिंग गार होताना पाइप ओढतंच, ते टळत नाही. म्हणून लिनिअर रेल, म्हणजे वरचा पूल सरकायचे रूळ, थेट फ्रेमवर बसवल्या नाहीत. वर वेगळी पट्टी बोल्टनं घेतली आणि तिच्याखाली पितळी शिम (पातळ चकत्या) घालत घालत लेव्हल साधली. आण्णांनी त्यांची मशीनवाली स्पिरिट लेव्हल आणून दिली. साध्या बांधकामाच्या लेव्हल बाटलीत हा फरक दिसत नाही.

गॅन्ट्री, म्हणजे टेबलावरून पुढं-मागं जाणारा आडवा पूल, मात्र हलका ठेवला. मिलिंग मशीनमध्ये वजन उपयोगी पडतं, कारण कटर धातूला ढकलत असतो. प्लाझ्माचा टॉर्च प्लेटला शिवतही नाही. इथं गरज असते ती चटकन वेग घेण्याची आणि चटकन वळण्याची. पातळ पत्रा कापताना मिनिटाला पाच-सहा मीटर वेग असतो आणि कोपऱ्यावर गॅन्ट्री जड पडली की कोपरा गोल होतो. म्हणून ॲल्युमिनियमचं एक्स्ट्रुजन घेतलं. त्याच्या दोन्ही टोकांना स्वतंत्र नेमा २३ मापाची स्टेपर मोटर (पल्सागणिक ठरावीक पायरीनं फिरणारी) आणि मोड्यूल १ च्या रॅकवर, म्हणजे सरळ दातेरी पट्टीवर, वीस दात्यांचं पिनियन, म्हणजे छोटं दातेरी चाक.

पिनियन एक फेरा फिरलं की गॅन्ट्री ६२.८३ मिमी सरकते. मोटर थेट पिनियनला लावली तर हे फार होतं, बारीक वळणं खडबडीत येतात. म्हणून मध्ये टायमिंग बेल्टचं तीनास एक रिडक्शन, मोटरचे तीन फेरे तेव्हा पिनियनचा एक. आता मोटरच्या एका फेऱ्याला २०.९४ मिमी. ड्राइव्हर फेऱ्याला १६०० पल्सवर ठेवला की मिलिमीटरला ७६.४ पल्स पडतात. मिनिटाला दहा मीटरच्या रॅपिडलाही, म्हणजे न कापता नुसतं सरकतानाही, मोटर पावणेपाचशे आरपीएमच्या आसपासच राहते. स्टेपर मोटरचा जोर वेग वाढेल तसा घसरतो, त्यामुळं हा हिशेब मोटर विकत घेण्याआधी कागदावर करावा. पिनियन रॅकवर स्प्रिंगनं दाबून ठेवलंय, म्हणजे दात्यांत खुळखुळ राहत नाही.

दोन टोकांना दोन मोटर असल्या की गॅन्ट्री वाकडी उभी राहण्याची शक्यता असते. त्यावर उपाय सोपा आहे. दोन्हीकडं वेगळा होम स्विच. मशीन सुरू केल्यावर प्रत्येक बाजू आपापला स्विच शोधते आणि ठरवून दिलेल्या अंतरावर येऊन थांबते. ते अंतर आम्ही टॉर्चच्या जागी मार्कर पेन बांधून काढलं. हार्डबोर्डवर मोठा चौकोन काढायचा, स्टीलच्या टेपनं कर्ण मोजायचे, सेटिंगमध्ये एका बाजूला मिलिमीटरचा काही भाग वाढवायचा, पुन्हा काढायचा. पेननं काढलेला चौकोन गुण्यात आला तेव्हा आण्णांनी स्वतःचा गुण्या आणून कोपऱ्याला लावला, काही न बोलता मान हलवली आणि परत लेथवर गेले. मला ते पुरलं.

सॉफ्टवेअरसाठी लिनक्ससीएनसी घेतलं. ते मोफत आहे. त्याचं मूळ अमेरिकेतल्या एनआयएसटी या मानक संस्थेच्या मशीन कंट्रोलरच्या कामात आहे. त्यात क्यूटी-प्लाझ्मासी नावाचा खास प्लाझ्मासाठीचा भाग मिळतो. जुना ऑफिसचा कॉम्प्युटर आणि इथरनेटवर चालणारं मेसा कंपनीचं कंट्रोल कार्ड, एवढ्यावर भागलं. यूएसबीचं कंट्रोलर मी कुणाला सुचवणार नाही. आर्क पेटताना यूएसबीचा संपर्क तुटू शकतो. इथरनेटच्या दोन्ही टोकांना ट्रान्सफॉर्मर असतो, त्यामुळं ते बरंच सोसतं. ड्रॉइंग, नेस्टिंग (शीटवर नग दाटीनं मांडणं), जी-कोड (मशीनला द्यायच्या आज्ञा) हे भाच्यानं बघता बघता उचललं. त्यात सांगण्यासारखं फार नाही.

सांगण्यासारखं आहे ते नॉइजचं, म्हणजे आर्कमुळं वायरींत घुसणाऱ्या विजेच्या गोंधळाचं. टॉर्च बंद ठेवून टेबल झकास चालायचं. आर्क लागला की मध्येच थांबायचं आणि स्क्रीनवर लिमिट स्विच लागल्याचा लाल संदेश. गॅन्ट्री तर टेबलाच्या मधोमध, स्विचच्या आसपासही नाही. भाचा म्हणाला, “मामा, स्विच लागत नाहीये, वायरच ॲंटेना झालीय.” मग आम्ही पद्धतशीर निघालो. एकेक वायर काढायची, आर्क पेटवायचा, बघायचं. स्विचचे सिग्नल ५ व्होल्टवरून २४ व्होल्टवर नेले. बारीकसारीक नॉइजनं २४ व्होल्टचा सिग्नल फसत नाही. स्विच नॉर्मली क्लोज्ड (एरवी सर्किट जोडलेलंच) जोडले, म्हणजे वायर तुटली तरी मशीन थांबतं. शील्डेड, म्हणजे वायरीभोवती धातूचं आवरण असलेली, केबल घेतली आणि तिचं शील्ड फक्त पॅनेलच्या टोकाला अर्थ केलं. दोन्ही टोकांना केलं तर शील्डमधूनच करंट फिरायला लागतो. टॉर्चची लीड मोटरच्या वायरींपासून दूर, वेगळ्या केबल चेनमधून नेली. कॉम्प्युटर लोखंडी कपाटात गेला.

तरी अधूनमधून थांबणं चालूच होतं. शेवटी सुटलं ते अर्थिंगवर. शेडच्या मागं खड्डा घेऊन कोळसा-मीठ भरलं, तांब्याचा रॉड घातला, तिथून जाड वायर थेट टेबलाला. टेबल, गॅन्ट्री, पॅनेलचं कपाट, सोर्सची बॉडी, सगळ्यांची वायर टेबलावरच्या एकाच बोल्टला. एकाची वायर दुसऱ्याला, दुसऱ्याची तिसऱ्याला अशी साखळी नाही. गॅन्ट्रीला वेगळी वायर का, तर बेअरिंगच्या गोळ्यांमधून भरवशाचा संपर्क मिळत नाही. त्या दिवसापासून लाल संदेश गेला. इलेक्ट्रिशियनला पहिल्यांदा बोलवाल तेव्हा त्याच्याकडून अर्थ रेझिस्टन्स मोजून घ्या, एवढं मी कळकळीनं सांगतो.

हवेचा प्रश्न पावसाळ्यात आला. जून लागला की कोल्हापूरची हवा ओलीचिंब असते आणि कॉम्प्रेसर तीच हवा दाबतो. दाबल्यावर हवा गरम होते, पुढं पाइपात गार होताना पाणी सोडते. ते पाणी टॉर्चमध्ये गेलं की नोझलचं गोल भोक लंबगोल होतं, काप एका बाजूला झुकतो आणि इलेक्ट्रोड निम्म्या वेळात जातो. तपासायला सोपी युक्ती आहे. सोर्सवर नुसती हवा सोडायचं बटण असतं. ते दाबून टॉर्चच्या तोंडासमोर कोरडं पांढरं फडकं धरायचं. आम्ही धरलं तर फडक्यावर बारीक ओले ठिपके आणि मधोमध तेलाची फिकट पिवळी छटा. फिल्टरच्या काचेत तर काहीच दिसत नव्हतं.

त्यावर कॉम्प्रेसर आणि टाकीच्या मध्ये तांब्याच्या पाइपाचं वेटोळं घातलं आणि त्यावर पंखा सोडला, म्हणजे पाणी टाकीत जायच्या आधीच सुटतं. हवेची लाइन भिंतीवरून टाकीकडं उताराची घेतली. प्रत्येक फाटा लाइनच्या वरच्या अंगानं काढला, खालून काढला तर पाणी त्यातच उतरतं. शेवटी रेफ्रिजरेटेड ड्रायर, म्हणजे हवा थंड करून पाणी काढणारं यंत्र, बसवला. ड्रायर महाग आहे, पण पावसाळ्यात कापायचं असेल तर त्याला पर्याय नाही. टाकीचा ड्रेन रोज सकाळी उघडायचा, हे काम शेडमधल्या सगळ्यात लहान पोराकडं दिलंय आणि तो ते चुकवत नाही.

टेबलाखाली पाण्याचा ट्रे आहे. प्लेटच्या खालपर्यंत पाणी असलं की धूर आणि बारीक धूळ बरीचशी त्यातच बसते, नाहीतर शेजारी ओरडतात आणि ते बरोबर आहे. यात दोन गोष्टी जिवाशी संबंधित आहेत. ॲल्युमिनियम पाण्यावर कापलं तर हायड्रोजन तयार होतो, तो प्लेटखाली साचतो आणि भडका उडू शकतो. म्हणून आम्ही ॲल्युमिनियम या टेबलावर घेतच नाही. दुसरं, जीआय पत्र्यावरच्या जस्ताचा धूर. तो छातीत गेला की संध्याकाळी हुडहुडी भरून ताप येतो. जस्त आधी घासून काढायचं किंवा मास्क आणि एक्झॉस्ट असल्याशिवाय हात लावायचा नाही. आणि दिवाळीच्या सुट्टीत ट्रे कोरडा करून जायचं, साठलेल्या पाण्यात डास होतात.

आता उंची. सहा मिमीची प्लेट कापताना टॉर्च दीड मिमीवर हवा. पण काप सुरू करायला पहिलं भोक पाडताना तो जवळजवळ चार मिमीवर असायला लागतो, नाहीतर उडालेला रस सरळ नोझलवर बसतो. म्हणून आधी टॉर्च हळूच खाली येऊन प्लेटला टेकतो, टॉर्च धरणारा, वर सरकू शकणारा फ्लोटिंग कॅरेज उचलला जाऊन मायक्रोस्विच लागतो, मशीनला प्लेट कुठं आहे ते कळतं, मग तो वर जातो, आर्क पेटतो, अर्धा सेकंद थांबतो आणि खाली येऊन चालायला लागतो. पुढं प्लेट तापून फुगली, वाकली, तर आर्कचं व्होल्टेज बदलतं. टॉर्च लांब गेला की व्होल्टेज वाढतं, जवळ आला की कमी होतं. टॉर्च हाइट कंट्रोल त्यावरूनच वर-खाली करत राहतो.

पण कोपऱ्यावर वेग मंदावतो, काप रुंद होतो, व्होल्टेज वाढतं, आणि कंट्रोलला वाटतं टॉर्च लांब गेला. तो टॉर्च खाली दाबतो. म्हणून ठरलेल्या वेगाच्या नव्वद टक्क्यांखाली वेग गेला की उंचीचा कंट्रोल गोठवायचा. इलेक्ट्रोड झिजतो तसंही त्याच उंचीला व्होल्टेज वाढत जातं, म्हणून एकच आकडा कायमचा भरून ठेवून चालत नाही. आमचं सॉफ्टवेअर प्रत्येक कापाच्या सुरुवातीला व्होल्टेज नव्यानं वाचून घेतं. हाफ्नियममध्ये मिलिमीटर-दीड मिलिमीटरचा खड्डा दिसला की इलेक्ट्रोड बदलतो. नोझलसुद्धा त्याबरोबरच.

वेग मात्र आकड्यांपेक्षा डोळ्यांनी लावायचा. काळी काच लावून प्लेटच्या खालच्या बाजूला बघायचं. ठिणग्या सरळ खाली न पडता टॉर्चच्या मागं १५ ते ३० अंशांत कललेल्या असल्या की बरोबर. वेग कमी असेल तर खाली जाड, गोळेगोळे मळी येते, ती चापटीनं पडते. वेग जास्त असेल तर कडेला बारीक, कडक धार बसते आणि ती ग्राइंडरशिवाय निघत नाही. सहा मिमीला आम्ही ४५ अँपिअरवर मिनिटाला हजार-बाराशे मिलिमीटरच्या आसपास असतो.

टॉर्चमधली हवा घड्याळाच्या दिशेनं घुमते. त्यामुळं जाण्याच्या दिशेच्या उजव्या हाताची कड काटकोनात येते आणि डाव्या हाताची तिरकी. म्हणून जॉबचा बाहेरचा आकार घड्याळाच्या दिशेनं कापायचा, आतली भोकं उलट दिशेनं. तिरकी कड नेहमी भंगारात जायला हवी. भोकाला वेग साठ टक्क्यांवर आणतो, उंचीचा कंट्रोल बंद ठेवतो आणि कापाची सुरुवात भोकाच्या मधून करतो. प्लेटच्या जाडीपेक्षा लहान भोक प्लाझ्मावर करायचंच नाही. १२ मिमीच्या प्लेटला १० चं भोक हवं असेल तर टॉर्चनं नुसता ठिपका मारून घेतो आणि ते ड्रिलवर जातं. ठिपका नेमका असल्यामुळं पंच मारायचं काम वाचतं.

पैशाचं विचाराल तर निम्म्याच्या आसपास सोर्स आणि टॉर्चवर गेले. उरलेल्यात मोटर-रेल-रॅक, लोखंड, कार्ड आणि ड्रायर. काही इलेक्ट्रॉनिक्स पुण्याच्या तपकीर गल्लीतून आणलं, पिनियन आणि बेअरिंगचे ब्लॉक आण्णांच्या लेथवर झाले. बजेट कमी असेल तर मोटर पुढं मोठ्या घेता येतात, सॉफ्टवेअर बदलता येतं. ब्लोबॅकचा सोर्स, गुण्यातली फ्रेम आणि कोरडी हवा यांत काटकसर करू नका.

हुक-प्लेटा आता शीटवर नेस्ट करून एका दमात कापतो आणि त्या एकमेकींवर ठेवल्या तर कडा जुळतात. वेल्डर जिग (भाग जागेवर धरणारी चौकट) न लावता जोडतो. सध्या टेबलाच्या एका बाजूला पाइप फिरवणारा अक्ष बसवतोय, गेटचे पाइप एकमेकांत बसतील असे तोंडाशी कापायला. पाइप पकडायला चक जुन्या लेथचा मिळालाय, मोटर आली आहे. पाइपाच्या गोलाईवर उंची कशी धरायची, त्यावर भाचा आणि आण्णा रोज संध्याकाळी चहावर भांडतात.